‘देवगडकर’ यांना उत्तर : फोटोतलं अळू आणि मॉरिशसची जमीन

देवगडकर, आधी माझ्या मागच्या लेखातल्या फोटोचं मिटवू. “हे अळू आमच्या आवाठातलं वाटतंय, मॉरिशस म्हणून कोकणातला फोटो डकवलात काय?” असं तुम्ही विचारलंत. अळू बरोबर ओळखलंत, पण फोटो मॉरिशसचाच आहे. तिथल्या क्रेओल बोलीत त्याला ‘सोंझ’ म्हणतात. पानांचा पातळ रस्सा करून भातावर घेतात. आपल्याला तो फिका लागतो. या सोंझकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुमच्या सगळ्यात बोचऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

बाकीच्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल, म्हणून तिचा सारांश देतो. तुमचं म्हणणं असं, की मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या बांधकामावर टीका करणारा माझा मागचा लेख पोट भरलेल्या माणसाचा आहे. साखरेचा धंदा मेल्यावर त्या चिमुकल्या देशानं बंगले बांधून परदेशी लोकांना विकले नसते तर खाल्लं काय असतं? समुद्रात भराव घालून सिंगापूर श्रीमंत झालं, मग मॉरिशसनेच दलदल का कुरवाळत बसायचं? “किनारा विकला” हे माझं वाक्य साफ खोटं आहे. आणि शेवटी, मी स्वतः तिथे बांधकामावर पगार खाल्ला, मग आता हे शहाणपण कसलं?

किनाऱ्याचं वाक्य मी मागे घेतो. चूक माझी. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटरचा पट्टा सरकारी मालकीचा असतो. ‘पा जेओमेत्रिक’ असं त्याचं नाव, म्हणजे पावलांनी मोजलेली जमीन. फ्रेंचांनी तो तटबंदी आणि तोफांसाठी राखून ठेवला, इंग्रजांनी १८९५ साली त्याचा कायदा केला आणि आजही तो विकता येत नाही. भाड्यानं मात्र देता येतो, आणि मुदत साठ साठ वर्षांची असते. त्यावर हॉटेलं उभी आहेत, ‘कांपमाँ’ म्हणतात ते समुद्रकाठचे बंगले आहेत. तेव्हा “किनारा विकला” हे खोटं. “किनारा दोन पिढ्यांसाठी भाड्यानं दिला” असं लिहायला हवं होतं. कुंपणाबाहेर उभं राहून समुद्र बघणाऱ्या माणसाला या दोन वाक्यांतला फरक कितपत जाणवतो ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्या पगाराबद्दल. २००९ ते २०१४ मी तिथे क्वांटिटी सर्व्हेअर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तिने कायद्याबाहेरचं काही केलं नव्हतं. उत्तरेला ग्राँ बेच्या मागच्या अंगाला एक सखल प्लॉट होता. त्यावर दोन इमारती उभ्या राहायच्या होत्या आणि आधी भराव घालायचा होता. माझं काम मोजणीचं. किती डंपर आले, किती घनमीटर दगड बसला, रोलर किती वेळा फिरला, त्यावर बिल.

माझे घरमालक सत्तरीचे होते. आडनाव मराठी, घरात बोलणं क्रेओल, पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ शेवटच्या कडव्यापर्यंत तोंडपाठ. (गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून करारावर ऊस तोडायला गेलेले. मी त्यांना काका म्हणायचो. साइट कुठे आहे ते सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “तिथे सोंझ उगवतं ना?” उगवत होतं. माझ्या आईचं अळू मोरीचं पाणी जिथे मुरायचं तिथेच माजायचं, हे मला लहानपणापासून माहीत. तरी काकांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला. नकाशावर ती जागा ‘मोकळी जमीन’ होती.

भराव उत्तम झाला. पुढच्या फेब्रुवारीत दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि आमच्या प्लॉटवर थेंबभर पाणी साचलं नाही. ते मागच्या गल्लीत गेलं. तिथे तीस-चाळीस वर्षं जुनी घरं होती, पत्र्याची आणि स्लॅबची. लोक गुडघाभर पाण्यातून फ्रिज उचलून वरच्या मजल्यावर नेत होते. आमच्या बिलात त्या गल्लीचा रकाना नव्हता. तुम्हाला दिसला तो फोटो शेजारच्या, तेव्हा अजून न भरलेल्या तुकड्याचा आहे. तर तुमचा आरोप मान्य. शहाणपण उशिरा आलं, आणि पगार घेऊन झाल्यावर आलं.

साखरेच्या मुद्द्यावर मात्र आपण थोडं बसून बोलू, कारण तुमची बाजू तिथे भक्कम आहे. युरोपशी १९७५ पासून करार होता. मॉरिशसची दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर ठरलेल्या चढ्या भावानं घेतली जायची. २००६ ते २००९ या काळात युरोपनं तो भाव ३६ टक्क्यांनी खाली आणला. कारखाने एकामागून एक बंद झाले, आज तीन उरलेत. उसाखालची जमीन या शतकाच्या सुरुवातीला सत्तर हजार हेक्टरांच्या वर होती, ती आता निम्म्याच्या आसपास आली आहे. ज्यांच्याकडे हजारो हेक्टर होते त्या जुन्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांच्या कंपन्यांनी काय करावं? २००२ मध्ये सरकारनं योजना काढली. परदेशी माणसानं रिसॉर्टच्या आवारातला, तेव्हाच्या अटीप्रमाणे किमान पाच लाख डॉलरचा, बंगला घेतला की त्याला देशात राहण्याचा परवाना. पुढे २०१५ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ची योजना आली आणि उसाची जमीन बांधकामाखाली आणायला करसवलती मिळाल्या.

यातून पैसा आला, रोजगार आला. खोटं कशाला बोलू, त्यातलाच एक रोजगार माझा.

आणि उसासाठी मी गळा काढणारही नाही. आपल्याकडचे पर्यटक तिथली हिरवीगार शेतं बघून “काय निसर्ग!” म्हणतात, तेव्हा मला गंमत वाटते. तो निसर्ग नव्हे, तो दोनशे वर्षांचा कारखाना आहे. मूळचं चांगलं जंगल दोन टक्केही उरलेलं नाही. डोडो तर ऊस फोफावण्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातच संपला. बेटावरचा ससाणा १९७४ साली चार पक्ष्यांवर आला होता, तो माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून कसाबसा परत आणला. तेव्हा उसाच्या जमिनीवर घरं, ऑफिसं, शाळा बांधायला माझा विरोध नाही. एबेनची सायबर सिटी, म्हणजे आयटी कंपन्यांची वसाहत, उसाच्याच शेतात उभी राहिली, तीही भारताच्या कर्जातून, आणि ते चांगलंच झालं.

मग माझी तक्रार काय? मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे तुमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. तरीसुद्धा त्या देशाला जमीन कमी पडत नाही. समुद्र दिसणारी जमीन कमी पडते. आत कोरडी, सपाट, मोकळी झालेली उसाची शेतं पडून आहेत, पण लाखो डॉलर देणाऱ्याला तिथून लाटा दिसत नाहीत. म्हणून भाव किनाऱ्यालगतच्या पट्ट्याला येतो, आणि त्या पट्ट्याच्या पाठीमागे नेमकी पाणथळ जागा असते. डोंगरावरून आलेलं पाणी तिथे थांबतं, गाळ खाली बसतो, मग ते सावकाश समुद्रात जातं. ती जागा बुजली की पाणी गल्लीत शिरतं, आणि गाळ थेट लगूनमध्ये.

हा लगून नीट समजून घ्या, देवगडकर, कारण आपल्या किनाऱ्याला तसलं काही नाही. मॉरिशसभोवती सुमारे दीडशे किलोमीटर प्रवाळाची भिंत आहे. लाट तिच्यावर फुटते, आत उथळ शांत पाणी राहतं. आपली वाळू बरीचशी नद्या आणतात. तिथली पांढरी वाळू नदीतून येत नाही, नद्या काळा बेसॉल्टचा गाळ आणतात. पांढरी वाळू म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा, शिंपल्यांचा, पोपटमाशानं कुरतडून टाकलेल्या दगडाचा चुरा. तो वर्षाला चिमूटचिमूट तयार होतो. गाळानं पाणी गढूळ झालं, हॉटेलांचं सांडपाणी आणि शेतातली खतं उतरली, वरून पाणी तापलं, की प्रवाळ आजारी पडतं आणि वाळूचा कारखानाच मंदावतो. मग किनारा खचायला लागतो. त्यांच्याकडेही किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, ‘फिलाओ’ म्हणतात त्यांना. त्यांची मुळं उघडी पडून झाडं आडवी झालेली मी पाहिली आहेत. हॉटेलवाला घाबरून दगडी भिंत घालतो. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते, आणि शेजारचा किनारा दुप्पट वेगानं खचतो. मग शेजारी भिंत घालतो. ज्या वाळूसाठी पर्यटक येतो, २०१९ मध्ये जवळपास चौदा लाख आले, ती वाळूच जाते. म्हणजे पर्यावरण बाजूला ठेवा, निव्वळ धंद्याच्या हिशेबानंसुद्धा हा व्यवहार तोट्याचा आहे.

तुम्ही म्हणाल, विकास थांबवायचा का? नाही. एक उदाहरण माझ्याच धंद्यातलं. बांधकामासाठी तिथे पूर्वी लगूनमधूनच वाळू काढायचे. होडीवाल्यांची कुटुंबं त्यावर जगत होती. २००१ मध्ये ते बंद केलं. तेव्हा ओरड झाली असणार, बांधकाम बुडेल म्हणून. बुडालं नाही. बेसॉल्ट फोडून केलेल्या ‘रॉक सँड’वर, म्हणजे आपल्या क्रश सँडवर, अख्खा देश बांधकाम करतो. मी आयुष्यात मोजलेला सगळ्यात देखणा स्लॅब त्याच चुऱ्याचा होता.

सिंगापूरचं थोडक्यात. ५८० चौरस किलोमीटरच्या घरात होतं ते सव्वासातशेच्या पुढे गेलं, खरं आहे. पण वाळू कुणाची? इंडोनेशियानं २००७ मध्ये तिकडे वाळू पाठवणं बंद केलं, कंबोडियानं २०१७ मध्ये. शेजाऱ्याचा किनारा उपसून स्वतःचा वाढवला, असाही त्याचा हिशेब मांडता येतो. शिवाय सिंगापूर बंदरावर आणि बँकांवर जगतं, लगून बघायला तिथे कुणी जात नाही. मॉरिशसनं सिंगापूर व्हायचं म्हणजे आंब्याच्या बागायतदारानं बाग तोडून तिथे गोडाऊन बांधण्यासारखं आहे. गोडाऊनचं भाडं येईलही, पण ते घ्यायला कुणी देवगडला यावं का?

“पोट भरलेल्यांचे चोचले” हे वाक्य मात्र मला लागलं, आणि ते माझ्यासाठी नाही, तिथल्या लोकांसाठी. ३० मार्च २०१३ ला मी पोर्ट लुईसहून निघायच्या बेतात होतो. डोंगराच्या पायथ्याशी बशीसारखं वसलेलं ते शहर. दीड तासात दीडशे मिलिमीटर पाऊस पडला आणि अकरा माणसं गेली, काही भुयारी रस्त्यात अडकून, काही इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईकराला त्यात आकडा लहान वाटेल, पण त्या देशात प्रत्येक जण त्यातल्या कुणाला ना कुणाला ओळखत होता. मग २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं आणि हजार टनांच्या आसपास तेल लगूनमध्ये सांडलं. मी तेव्हा पुण्यात लॉकडाऊनमध्ये होतो, काकांच्या नातीनं व्हिडिओ पाठवले. माहेबूरच्या बायका, कोळी, शाळकरी मुलं कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवत होती, त्यात उसाचं पाचट कोंबत होती आणि त्या समुद्रात सोडून तेल अडवत होती. यांतली बहुतेक माणसं लगूनमध्ये मासे मारून किंवा हॉटेलात चादरी बदलून जगणारी. पोट भरलेली नव्हे, पोट त्यावर असलेली. (पाचटाचा हा उपयोग साखर आयुक्तांच्या स्वप्नातही आला नसेल.)

“तुमच्या हातात असतं तर काय केलं असतंत?” हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिलं म्हणजे, सोंझ उगवतं त्या जागेला हात लावू दिला नसता, मालक कुणीही असो. अशा नाजूक जागांची पाहणी २००९ मध्येच झाली होती, मी तिथे उतरलो त्याच वर्षी. वर्षानुवर्षं ती पाहणीच राहिली, बांधकाम पुढे गेलं. पोर्ट लुईसहून क्युरपीपपर्यंत आता मेट्रो धावते. तिच्या आजूबाजूला, उंचावर, उभ्या इमारती बांधायला मोकळीक दिली असती, स्थानिक तरुणांना परवडतील अशा. उतारावरचा ऊस ठेवला असता, तोट्यात गेला तरी. तो माती धरून ठेवतो, वादळातही टिकतो आणि त्याच्या चिपाडावर वीजही होते. आणि परदेशी लोकांच्या बंगल्यांच्या योजनेला वार्षिक भाड्याचं रूप दिलं असतं. ऊस दरवर्षी पैसे द्यायचा, विकलेली जमीन एकदाच देते. तीन चतुर्थांशाहून जास्त अन्न बाहेरून आणणाऱ्या देशानं तरी हे विसरू नये. यावर तुम्ही म्हणाल, भाड्यानं कोण घेईल? घेतील. ८१.२१ मीटरच्या पट्ट्यावर सव्वाशे वर्षं घेतायत.

काका आता नाहीत. फोटोतल्या तुकड्याचं पुढे काय झालं ते मी त्यांच्या नातीला विचारलंय. तिचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.