‘वर पाहिलं तर…’ : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही, दोन्हीबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. ‘शी लुक्ड अप टू सी अ स्ट्रेंजर ॲट द डोअर’ या वाक्याचं मराठी मी ‘तिनं वर पाहिलं तर दारात एक अनोळखी माणूस’ असं केलं होतं. तुमच्या मते हे व्याकरण सोडून आहे. क्रियापदाआधीचा ‘टू’ हेतू सांगतो, म्हणून ‘अनोळखी माणसाला पाहण्यासाठी तिनं वर पाहिलं’ हाच अर्थ खरा. ‘तर’ अट सांगतो आणि मूळ वाक्यात अट नाही. शिवाय ‘लुक’ म्हणजे पाहणं आणि ‘सी’ म्हणजे दिसणं, इतकी सरळ गोष्ट असताना मी उगाच कीस काढतो आहे.

कीस काढतो, हे मान्य. बाकीचं नाही.

तुमचा अर्थ धरून वाक्य पुन्हा वाचा. माणूस अनोळखी आहे. तो दारात उभा आहे हे वर पाहीपर्यंत तिला ठाऊकच नाही. मग त्याला पाहायचा हेतू तिनं धरला कधी? हेतू धरायला ती गोष्ट आधी निदान मनात तरी यायला हवी. इथं ती पाहिल्यानंतर कळली. म्हणजे हा ‘टू’ हेतूचा नाही, निष्पत्तीचा आहे: एक कृती झाली आणि तिच्या शेवटी हे पुढ्यात आलं.

हा काही माझ्या घरचा शोध नव्हे. ‘ही लिव्ह्ड टू बी नाइंटी’ या वाक्याचा अर्थ ‘नव्वद वर्षांचा होण्यासाठी तो जगला’ असा कुणी करत नाही. ‘ही वोक अप टू फाइंड द हाउस एम्प्टी’ यातला माणूस घर रिकामं सापडावं म्हणून जागा झालेला नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या भल्यामोठ्या इंग्रजी व्याकरणात हा वापर हेतूपासून वेगळा काढून दाखवला आहे. शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा मिळत नाही आणि मग ‘टू म्हणजे साठी’ एवढंच डोक्यात पक्कं बसतं.

पडताळा घ्यायचा असेल तर ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ घालून पाहा. ‘शी स्टुड अप टू सी द स्टेज’ मध्ये ते बिनबोभाट बसतं. आपल्या वाक्यात घातलंत तर ती बाई त्या माणसाची वाटच पाहत होती असं होईल, आणि मग तो अनोळखी कसला? हेतूचा तुकडा वाक्याच्या सुरुवातीलाही आणता येतो: ‘टू सी द स्टेज, शी स्टुड अप’. निष्पत्तीचा तुकडा असा पुढे आणला की अर्थ बदलतो, कारण जे शेवटी कळायचं ते आधीच सांगून टाकलं जातं.

मला सगळ्यात आवडणारी खूण मात्र वेगळी आहे. ‘सी’नंतर प्रश्न आला की ‘टू’ हेतूचा होतो: ‘शी लुक्ड अप टू सी हू वॉज ॲट द डोअर’, दारात कोण आहे ते पाहायला तिनं मान वर केली. ‘सी’नंतर उत्तर आलं, म्हणजे प्रत्यक्ष माणूस किंवा प्रसंग आला, की तो बहुधा निष्पत्तीचा होतो. शब्द तेच, क्रम तोच. ती विचारते आहे की तिला कळलं आहे, एवढ्यावर सगळं फिरतं.

आता ‘तर’. ‘दार उघडलं तर आत कुणीच नाही’ यात कुठली अट आहे? दार तर उघडून झालंय. ‘बघतो तर काय!’ म्हणणाराही अट घालत नाही. हा ‘तर’ जर-तरमधल्या ‘तर’सारखाच दिसतो, पण करतो दुसरंच: कृती आणि तिच्यातून अचानक कळलेली गोष्ट यांचा सांधा तो जुळवतो. म्हणजे इंग्रजीनं या कामासाठी हेतूचा शब्द उसना घेतला, मराठीनं अटीचा. म्हणूनच मी हे दोन एकमेकांसमोर ठेवले. फरक आहे तो जोराचा. मराठी ‘तर’मध्ये आश्चर्य जास्त, इंग्रजी ‘टू’ बराच कोरडा. त्यात ठसका हवा असला की इंग्रजी लेखक ‘ओन्ली टू’ लिहितात, आणि तिथं बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. माझ्या मराठी वाक्यात ‘होता’ नाही. ‘दारात एक अनोळखी माणूस’, बस. इंग्रजीतही ‘टू सी’पासून पुढे काळ दाखवणारं क्रियापद नाही. दोन्ही भाषा नेमक्या दिसण्याच्या क्षणी काळ गाळतात. ‘होता’ घातलंत तर वाक्य चुकणार नाही, पण माणूस जरा जुना होईल.

‘लुक’ म्हणजे पाहणं आणि ‘सी’ म्हणजे दिसणं हे समीकरण पहिल्या दोन वाक्यांपुरतं चालतं, पुढे नाही. ‘मी तिला काल पाहिलं’ याचं इंग्रजी ‘सॉ’नंच होतं. उलट ‘तू दमलेला दिसतोस’ याचं इंग्रजी ‘यू लुक टायर्ड’. तिथं ‘सी’ चालत नाही. ओके व्हिबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये अनेक भाषांतली इंद्रियांची क्रियापदं तपासताना तीन खण केले: मुद्दाम करायची कृती, आपोआप येणारा अनुभव आणि वस्तूचं स्वतःचं भासणं. इंग्रजी ‘लुक’ पहिला आणि तिसरा खण सांभाळतो, मराठी ‘दिसणं’ दुसरा आणि तिसरा. त्यात ‘मला नदी दिसली’ मध्ये कर्ता नदी आहे, क्रियापदही तिच्यामागे जातं, आणि मी ‘ला’ लावून बाजूला उभा. ‘आय सॉ द रिव्हर’ मध्ये सगळा मान ‘आय’ला.

या फरकाची किंमत मराठी माणूस इंग्रजी लिहिताना मोजतो. ‘मला डोंगर दिसतो आहे’ मनात असतं, म्हणून हात ‘आय ॲम सीइंग’ लिहितो; इंग्रजीला तिथं ‘आय कॅन सी’ हवं. ‘वर पाहताच दारात एक माणूस दिसला’ हे निर्दोष मराठी आहे, कारण पाहणारी आणि दिसणारा वेगळे असले तरी ‘पाहताच’ची हरकत नसते. तेच जसंच्या तसं नेऊन ‘लुकिंग अप, अ मॅन वॉज ॲट द डोअर’ केलं, की वर पाहतोय तो माणूसच!

तुम्ही शेवटी विचारलंय की मग ‘शी लुक्ड अप टू सी द स्टार्स’ याचं काय करायचं. इथं दोन्ही अर्थ निघतात. तारे वर असणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ‘तारे बघायला तिनं वर पाहिलं’ हे सहज पटतं. आधीच्या वाक्यात आभाळ भरलेलं असेल तर मात्र मी ‘वर पाहिलं तर तारे’ असंच लिहीन. एकट्या वाक्यावरून ते ठरत नाही. पूर्ण उतारा पाठवलात तर बोलू.