गव्हावर दळलेली भाजणी

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी माझी दोन किलो भाजणी गव्हावर दळली गेली. या वाक्यातलं गांभीर्य ज्यांना कळलं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. ज्यांना कळलं नाही, ते चकल्या विकत आणतात.

एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची, अर्धा पाव मुगाची, तेवढेच जाडे पोहे, मूठभर धने आणि दोन-तीन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन, निथळून, जुन्या धोतरावर पसरून सावलीत खडखडीत वाळवायच्या आणि मग एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. सगळं एकाच कढईत लोटलं तर हरभऱ्याची डाळ तापेपर्यंत मूग करपतो. उडीद गुलाबीसर झाला की उतरवायचा. जास्त भाजलं तर चकली काळपट होते आणि पाडताना तुटते; कमी भाजलं तर कच्चट लागते. यात एक अख्खी सकाळ जाते. नंतर गिरणीत जाऊन फक्त एकच वाक्य बोलायचं असतं : तांदळावर दळा, हरभऱ्यावर चालेल, गव्हावर नको. कारण गिरणीच्या दगडांत आणि खालच्या कापडी नळीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच, आणि गव्हाचं पीठ चिकट. पोळीला तो चिकटपणा हवा असतो. चकलीत उतरला की ती खुसखुशीत व्हायची ती वातड होते.

बायकोने हे मला दारात एकदा, जिन्यात एकदा आणि मी रस्त्यावर पोचल्यावर गॅलरीतून एकदा, असं तीनदा सांगितलं होतं. ‘कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील’ असं प्रभू येशूने आपल्या पेत्र या शिष्याला एकदाच बजावलं होतं. फरक काहीच पडला नाही.

आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते, त्यामुळे शुक्रवारी गिरणीत गर्दी असते. माझ्या मागे एक काकू उभ्या होत्या. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, स्वेटरवर शाल, कानांना स्कार्फ आणि हातात गव्हाचा स्टीलचा डबा. दोन मिनिटं त्यांनी माझ्या डब्याकडे नुसतं पाहिलं. मग राहवेना.

“काय आहे हो?”

“भाजणी.”

“थालीपिठाची ना?”

“चकलीची.”

काकूंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. त्यात महिना दिसत नसावा, पण पाहिलं.

“अहो, दिवाळी होऊन गेली की!”

“नाताळसाठी आहे.”

“अगंबाई! तुम्ही ख्रिश्चन?”

गिरणीच्या घरघरीत शेजारच्याला शेजारच्याचं ऐकू येत नाही. हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. रांगेतल्या चौघांनी आधी माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिलं.

“वाटत नाही हो अजिबात,” काकूंनी दिलासा दिला.

यावर ‘थँक्यू’ म्हणायचं की ‘सॉरी’, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. मी हसलो. तीच चूक झाली.

“म्हणजे तुमच्यात केक नाही करत?”

“करतो ना.”

“केकही आणि चकल्याही?” एका रेशनकार्डावर दोनदा साखर उचलताना पकडल्यासारखं त्यांनी विचारलं. आता यांना करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि रव्याचे लाडूही सांगावेत की नाही, या विचारात मी पडलो. आमच्याकडे सगळा फराळ होतो. फक्त जेव्हा गावाचे डबे रिकामे होतात तेव्हा आमचे भरतात. गॅलरीतला कंदीलही तसाच. चांदणीचा असतो आणि डिसेंबरात लावला की सोसायटीतलं कुणी तरी सांगतंच, “अहो, दिवाळीचा कंदील उतरवायचा राहिलाय तुमचा.”

“केकात वाइन घालता ना?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“नाही. संत्र्याचा रस.”

मी सविस्तर सांगितलं, कारण पाककृतीत माणूस गुंतला की चौकशी थांबते असा माझा समज होता. काळ्या मनुका, बेदाणे आणि टुटीफ्रूटी आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवायची. सकाळी निथळून थोड्या कोरड्या मैद्यात घोळवायची, नाहीतर सगळी फळं तळाशी जाऊन बसतात आणि वरचा अर्धा केक पावासारखा लागतो. साखरेतली थोडी जाळून तिचं काळं पाणी करायचं, त्याने तो गडद रंग येतो. काकूंच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसत होती. त्यांना वाइन हवी होती.

“मूळचे कुठले तुम्ही?”

“नगरचे.”

“नाही, मूळचे?”

“नगर जिल्हा. राहुरीकडचे.”

“तसं नव्हे हो. मूळ मूळचे. म्हणजे गोवा वगैरे?”

“नाही. पणजोबा राहुरीचे, खापरपणजोबाही राहुरीचे. त्याच्याही मागे गेलात तर आदाम.”

“हां, बघा!” काकू समाधानाने म्हणाल्या. “म्हणजे तिकडचेच.”

आणि मग ते वाक्य आलं. ते येणार हे मला भाजणीला हात घातल्यापासून माहीत होतं.

“पण मराठी मात्र किती छान बोलता हो!”

हे वाक्य खरं तर फादर स्टीफन्सना म्हणायला हवं होतं. तो माणूस खरोखर इंग्लंडातून आला, इथली भाषा शिकला, तिची रत्नांशी तुलना केली आणि १६१६ साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून मोकळा झाला. त्याचं मराठी छान होतं, हे कौतुक रास्त आहे. माझं काय कौतुक? मी शाळेत ‘रामाने आंबा खाल्ला’ यातला कर्ता आणि कर्म ओळखण्यासाठी छड्या खाल्ल्या आहेत. रिक्षावाल्याशी मी मराठीत भांडतो. दाढ दुखली की मराठीत कण्हतो. गुडघे टेकले की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यापलीकडे तोंडातून दुसरी भाषा येत नाही. माझ्या आजीला मराठीशिवाय एकही भाषा येत नव्हती, तरी तिलाही बसमध्ये कुणी तरी हेच म्हणालं होतं. तिने विचारलं होतं, “मग दुसरं कोणतं बोलू, बाई?” मला हे वेळेवर सुचत नाही. मला घरी आल्यावर, हात धुताना सुचतं.

त्या दिवशीही नाही सुचलं. मी म्हणालो, “तसं काही नाही, काकू.”

माझा हा नरमपणा त्यांनी अचूक हेरला. “माझे दोनच किलो गहू आहेत, पुढे घालू का? सून कणकेसाठी थांबलीय.” एका गालावर ‘मराठी छान’ बसलीच होती, दुसरा गाल पुढे करायचं आम्हांला संडे स्कूलपासून शिकवलेलं. मी म्हणालो, “घाला ना.”

माझ्या पुढे तांदूळ होते. चांगले पाच किलो, पांढरेशुभ्र, देवाने धाडल्यासारखे. ते दळून झाले आणि त्यांच्यावर काकूंचे गहू पडले.

मी अजूनही म्हणू शकलो असतो, “थांब रे, माझं आता घालू नकोस.” पण काकूंचा शेवटचा प्रश्न आला होता. “मिसेस मंगळसूत्र घालतात?”

“घालतात. काळे मणी, मधे छोटा क्रूस.”

“अय्या! आणि कुंकू?”

“नाही लावत.”

“मग मंगळसूत्र कसं चालतं?”

हा प्रश्न वाईट नाही. त्याला नीट उत्तर आहे : धर्म बदलला तेव्हा आमच्या पणज्यांनी कपाट एकदम रिकामं केलं नाही, एकेक वस्तू हातात घेऊन ही ठेवायची का, असं ठरवत गेल्या. पांढऱ्या साडीतल्या नवरीच्या गळ्यात मणी बांधले जातात आणि बोटात अंगठीही घातली जाते. काही घरांत आदल्या दिवशी हळद लागते, काही घरांत तिचं नावही काढत नाहीत. हे मी मुद्देसूद सांगत होतो. तेवढ्यात गिरणीतल्या पोराने माझा डबा उचलला आणि वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात पालथा केला. भाजण्याचा वास सुटला तेव्हा मी वळलो. तोवर काकू आपला डबा घेऊन पायरी उतरल्या होत्या. त्यांच्या गव्हाला काहीही झालं नाही, ते आधी दळले गेले. माझ्या मागच्या गृहस्थांच्या पोळ्यांना मात्र त्या रात्री धन्या-जिऱ्याचा वास आला असणार.

या गिरणीपासून पंचहौद चालत पाच मिनिटांवर आहे. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये पुण्यातल्या मातब्बर मंडळींसमोर चहा आणि बिस्किटं ठेवली गेली होती. त्यांत रानडे होते, टिळक होते. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मग जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं झाली. एका बिस्किटापायी! त्या मानाने पुणं पुष्कळ सुधारलं, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. आता आमच्या घरचं कुणीही खातं. फक्त खाण्याआधी त्याचं आमच्याकडे काय काम, ते विचारतं.

घरी बायकोने डब्याचं झाकण उघडलं. आधी तिने पीठ परातीत पसरलं, कारण गरम पीठ झाकून ठेवलं तर त्याला घाम सुटतो. मग चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळलं. भाजणी रवाळ लागते. ही मऊ लागली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि काही विचारलंही नाही. संसारात याहून वाईट काही नसतं.

आता, रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं बायबलात पौलाने इफिसकरांना लिहून ठेवलंय. लग्नाच्या उपदेशात पाळकसाहेब हे हमखास सांगतात. पण डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि मी गिरणीतून पावणेसहाला परतलो होतो. पंधरा मिनिटांत मिटेल एवढं लहान हे प्रकरण नव्हतं. उन्हाळा असता तर तासभर जास्त मिळाला असता.

रात्री आठला आमची कौटुंबिक प्रार्थना असते. घडी ठरलेली आहे : ‘उपासना-संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, त्यातली पहिली दोन कडवी आणि शेवटचं; मग शास्त्रपाठ; मग गुडघ्यांवर प्रार्थना; शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. कुकर आधी बंद करायचा, नाहीतर शिट्टी नेमकी ‘आमेन’च्या आधी होते. नाताळाआधीचा आगमनकाळ असल्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय चालू होता. त्यात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या वंशावळीत चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन रांगा आहेत, आणि त्या वाचायची पाळी धाकट्याची होती. त्याला यहोशाफाट म्हणता येईना म्हणून थोरला हसला, त्याला चिमटा बसला. इथवर सगळं रोजच्यासारखंच.

मग बायकोने प्रार्थना केली. बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण ख्रिस्ती घरात नवऱ्याला बोलायची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे प्रार्थना. डोळे मिटलेले असतात, मधे बोलता येत नाही आणि शेवटी स्वतःच ‘आमेन’ म्हणावं लागतं.

“हे प्रभू,” ती शांतपणे म्हणाली, “काहीजणांना तू कान दिलेस, त्या कानांचा उपयोग करण्याची बुद्धीही दे. काहीजण बाहेरच्यांशी फार प्रेमाने बोलतात, त्यांना घरच्यांचे शब्द लक्षात ठेवायला शिकव. आणि ज्यांनी सकाळभर उभं राहून डाळी भाजल्या, त्यांच्या पाठीला आराम दे.”

आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणालो. मी जरा मोठ्याने. मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे’ या ओळीशी ती खोकली. एवढीच ओळ तिने म्हटली नाही. दोन किलोंचा ऋणी मी शेजारीच गुडघे टेकून होतो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. दोन वाट्या भाजणीला अर्धी वाटी तांदळाचं पीठ आणि पाव वाटी डाळ्याचं पीठ मिसळलं, म्हणजे गव्हाचं प्रमाण उतरतं. पाण्याला उकळी आणून त्यात तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि दोन चमचे तेलाचं मोहन घातलं, गॅस बंद करून पीठ घातलं आणि झाकून ठेवलं. मी सुचवलं की मोहन थोडं वाढवलं तर वातडपणा जाईल. मोहन जास्त झालं की चकली तेलात पडल्या पडल्या विरघळते, हे मला कृतीनेच दाखवण्यात आलं. एक चकली बळी गेली. उरलेलं पीठ कोमट असताना तिंबून सोऱ्यात भरलं. सोऱ्या दाबायचं काम माझ्याकडे होतं, शिक्षा म्हणून. तेल आधी चांगलं तापवायचं, चकल्या सोडल्या की आच मध्यम करायची आणि बुडबुडे थांबले की काढायच्या. गरम असताना त्या बऱ्या लागल्या. सगळ्याच चकल्या गरम असताना बऱ्या लागतात. तिसऱ्या दिवशी त्या मोडण्याऐवजी वाकू लागल्या.

नाताळच्या दिवशी, उपासनेहून आल्यावर, शेजारीपाजारी ताटं द्यायची पद्धत आहे. काकू पलीकडच्याच इमारतीत राहतात, हे बायकोने शोधून काढलं आणि त्यांचंही ताट भरलं. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, “ज्यांच्यामुळे झालं, त्यांनाही चव कळू दे.” यात शेजाऱ्यावरची प्रीती किती आणि बाकीचं काय, ते मी विचारलं नाही. वर विणकामाचा रुमाल टाकून आम्ही दोघं गेलो.

काकूंनी अगदी आनंदाने स्वागत केलं, मेरी ख्रिसमस म्हणाल्या, बायकोचं मंगळसूत्र हातात घेऊन क्रूस पाहिला, सुनेला बोलावून दाखवला. केक खाल्ला आणि त्यात खरंच वाइन नाही ना, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग चकली उचलली. दोन्ही हातांनी मोडायला गेल्या. ती मोडली नाही. काकूंनी ती आणखी थोडी वाकवली, उजेडात धरली आणि फार समजूतदार आवाजात म्हणाल्या,

“तुमच्यात गव्हाच्या करतात वाटतं?”

“नाही हो काकू,” बायको म्हणाली, “आमच्यात भाजणीच्याच करतात. गहू तुमचा आहे.”