‘जांबो ब्वाना’ला कर्ता आहे, आणि त्याचं नाव टेडी कलांडा हॅरिसन

केनिया सहलीच्या गटांमध्ये दरवर्षी एक मजकूर फिरतो. गाइड टाळ्या वाजवत ‘जांबो ब्वाना’ हे गाणं गातोय, आपली मंडळी मागे नाचताहेत असा व्हिडिओ, आणि खाली लिहिलेलं: ‘हे मसाई जमातीचं शेकडो वर्षं जुनं पारंपरिक लोकगीत. बोनी एमने ते जगापुढे आणलं, आणि ‘लायन किंग’मुळे ‘हकुना मटाटा’ हे शब्द जगाला कळले.’ यातलं एकही वाक्य खरं नाही. आणि या चुकीपायी एका माणसाचं नाव पुसलं जातंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मसाईंचं. मसाईंची भाषा मा. हे गाणं स्वाहिलीत आहे. स्वाहिली ही हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर, व्यापाराच्या वर्दळीत वाढलेली भाषा. गाण्यातला ‘हबारी’ हा शब्द अरबीतून आलेला, म्हणजे आपल्या ‘खबर’चा सख्खा भाऊ. मसाई मारा अभयारण्यात गाइड हे गाणं गातो, म्हणून ते मसाईंचं होत नाही.

‘शेकडो वर्षं जुनं’ हा दावा तर गाण्याचे शब्द ऐकले तरी टिकत नाही. त्यात पाहुण्यांचं स्वागत आहे आणि ‘केन्या येतू’, म्हणजे ‘आमचा केनिया’, असं म्हटलं आहे. या वसाहतीला केनिया हे नाव मिळालं १९२० साली आणि देश स्वतंत्र झाला १९६३ च्या डिसेंबरात. त्याआधी ‘आमचा केनिया’ कोण म्हणणार होतं? शिवाय स्वाहिली बोलणारी माणसं एकमेकांना नुसतं ‘जांबो’ म्हणत नाहीत. ‘हुजांबो?’ असं विचारतात आणि ‘सिजांबो’ असं उत्तर देतात. ‘जांबो’ हे परक्यांच्या जिभेला सोपं पडावं म्हणून छाटलेलं अभिवादन आहे. गाण्यातल्या ‘हकुना मटाटा’चा अर्थ ‘काही अडचण नाही’; पण तेच म्हणायला तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘हकुना शिदा’ जास्त ऐकू येतं. हे गाणं पाहुण्यांसाठी रचलेलं आहे, हे त्याचे शब्दच सांगतात.

आणि ते रचणारा माणूस ठाऊक आहे. मोंबासात हॅरिसन भावंडांचा एक बँड होता, ‘देम मश्रूम्स’. १९७० च्या दशकात किनाऱ्यावरची हॉटेलं युरोपीय पर्यटकांनी भरू लागली आणि तिथे संध्याकाळी वाजवणं हे या बँडचं पोटापाण्याचं काम झालं. समोर बसलेल्या पर्यटकांना चार स्वाहिली शब्द शिकायचे असत. बँडचे प्रमुख टेडी कलांडा यांनी तेच शब्द, म्हणजे नमस्कार, कसे आहात, छान, स्वागत, एका चालीत गुंफले. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापासून साथ देता येते. इतकं साधं गाणं बांधणं सोपं वाटतं, पण बांधून पाहा! १९८२ मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली.

बोनी एम या डिस्को गटाची आवृत्ती आली १९८३ मध्ये, म्हणजे नंतर. याच गटाने त्याआधी पूर्व आफ्रिकेतलंच ‘मलाइका’ हे गाणंही गायलं होतं. आपल्याकडे बोनी एमच्या कॅसेट घरोघरी होत्या, त्यामुळे हा गैरसमज समजू शकते. पण आपण आधी ऐकलं म्हणून ते आधीचं ठरत नाही. केनियातल्याच सफारी साउंड बँडनेही हे गाणं गाजवलं, आणि त्यामुळे पुष्कळांना ते त्यांचंच वाटतं. ‘लायन किंग’ हा डिस्नेचा चित्रपट तर १९९४ चा. त्यातलं ‘हकुना मटाटा’ हे वेगळंच गाणं आहे, एल्टन जॉन आणि टिम राइस यांचं.

याच मजकुराला पुढे कुणीतरी जोड दिली आहे, की ‘असली गाणी पर्यटकांसाठीच, त्यात खरं आफ्रिकन संगीत नाही.’ हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. याच बँडने किनाऱ्यावरच्या ‘चकाचा’ नाचाचा ठेका आधुनिक वाद्यांवर आणला, गायिका मलिका यांच्याबरोबर तारब ही किनाऱ्यावरची स्वाहिली गायकी ध्वनिमुद्रित केली, आणि फुंडी कोंडे यांना पुन्हा स्टुडिओत आणलं. हे तेच कोंडे, जे केनियात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पहिल्या पिढीतले, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी ब्रह्मदेशापर्यंत गेलेले. १९८७ मध्ये बँड नैरोबीला गेला, पुढे ‘उयोगा’ या नावानेही ओळखला गेला. उयोगा म्हणजे अळंबीच.

गाण्यावर ‘पारंपरिक’ असा शिक्का बसला की मानधन कुणालाच द्यावं लागत नाही, म्हणून हा शब्द मला निरुपद्रवी वाटत नाही. टेडी कलांडा २०२४ मध्ये गेले. तुमच्या गटात तो व्हिडिओ पुन्हा आला, तर ‘पारंपरिक’ खोडून तिथे ‘टेडी कलांडा हॅरिसन, मोंबासा, १९८२’ असं लिहा आणि मगच पुढे पाठवा.