'टक्केवारी वाढवायला जाऊ नका' या मेसेजला माझं उत्तर

मावशीने फोनवर सांगून टाकलं, "मी काही सिव्हिलला येत नाही. आहे तो पगारसुद्धा बंद होईल." पगार म्हणजे संजय गांधी निराधारचे दर महिन्याचे पैसे. मावशीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तेव्हा 45 टक्के मिळाले होते आणि ती काठी टेकत बाजारात जायची. आता स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते. प्रमाणपत्राची मुदत संपत आलीय, आणि तिला अडवून ठेवलंय व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजने. तो आधी वाचा:

"दिव्यांग बांधवांनो सावधान!! टक्केवारी वाढवायला पुन्हा तपासणीला जाऊ नका. गेलात तर टक्के कमी करून कार्ड रद्द करतात. मग आजवरचा सगळा पगार व्याजासकट वसूल आणि दोन वर्षं तुरुंग. नोकरीवाल्यांना अनफिट ठरवून घरी बसवतात. 80 टक्के झाले की केंद्राची डबल पेन्शन मिळते ही अफवा आहे, उलट जुना पगार बंद होतो. 65 वर्षांनंतर तसंही सगळं बंद. मार्गदर्शनासाठी संपर्क करा." खाली मोबाइल नंबर.

"जाऊ नका" हा यातला सगळ्यात घातक सल्ला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मावशीच्या प्रमाणपत्राचा फोटो मी मागवून घेतला. फोटो, सही, शिक्का आणि टक्क्यांचा आकडा एवढंच आपण बघतो. खाली बारीक अक्षरात दोन ओळी असतात, त्या कुणी वाचत नाही. पहिलीत चार पर्याय दिलेले असतात: आजार वाढत जाणारा, न वाढणारा, सुधारण्याची शक्यता असलेला, शक्यता नसलेला. मावशीच्या कागदावर पहिल्यावर खूण आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलंय की फेरतपासणी इतक्या वर्षांनी करावी, म्हणून हे प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंतच वैध. म्हणजे हिची तब्येत खालावत जाणार हे तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या डॉक्टरांनीच तेव्हा लिहून ठेवलंय, आणि परत या असंही. दिव्यांग हक्क कायद्याच्या 2017 च्या नियमांत हे सरळ आहे. टक्केवारी बदलण्याची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र, नसेल तर कायमचं.

आता मेसेजवाल्याचं ऐकून मावशी घरी बसली तर काय होईल? तारीख उलटेल, प्रमाणपत्राचा उपयोग संपेल, तहसीलमधून चालू प्रमाणपत्र मागतील तेव्हा दाखवायला काही नसेल, आणि पगार खरोखरच अडकेल. पगार वाचवायचा म्हणून तपासणी टाळायची आणि तपासणी टाळली म्हणून पगार घालवायचा! हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात एकतरी प्रमाणपत्र उलगडून वाचलंय का, देव जाणे.

टक्के कमी होऊच शकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. होतात. जुनी प्रमाणपत्रं 2001 च्या निकषांवर दिलेली आहेत, 2018 साली मोजण्याची पद्धत बदलली, त्यामुळे तीच व्यक्ती, तोच पाय, आणि आकडा वेगळा असं होऊ शकतं. मावशीसारख्या आजारात तर चढउतार असतात. बऱ्या दिवसांत बोर्डासमोर गेली तर चारचौघींसारखी दिसेल. यावर उपाय म्हणजे कागद. झटके कधी आले, त्यानंतर काय परत आलं आणि काय आलंच नाही, हे न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्यायचं. सगळे एमआरआय, डिस्चार्ज कार्डं आणि जुनं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये. तरीही निर्णय पटला नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. आणि ज्यांच्याकडे कायमचं प्रमाणपत्र आहे, प्रकृती आहे तशीच आहे, आणि टक्के वाढून नवीन काही मिळणार नाही, त्यांनी उगाच बोर्डाच्या रांगेत उभं राहू नये. "जाऊ नका" या सल्ल्यात खरं आहे ते इतकंच.

तुरुंगाचं वाचून मावशीला रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही, त्याच कायद्याच्या कलम 91 मधून उचललाय. फक्त उचलताना त्यातला मुख्य शब्द गाळलाय: लबाडीने. 40 टक्के किंवा त्यावरच्या दिव्यांगांसाठी असलेला लाभ जो लबाडीने घेईल किंवा घ्यायचा प्रयत्न करेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी बोर्डाने दिलेल्या प्रमाणपत्रावर पगार घेणारी, आणि त्याच बोर्डाने बोलावलं म्हणून परत जाणारी बाई यात कुठून आली? नव्या तपासणीत आकडा उतरला म्हणून मागचे पैसे व्याजासह परत घ्या, असं त्या कलमात एक अक्षर नाही. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र गाजलं, पुढच्या वर्षी राज्यात कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी निघाली, त्यामुळे हवेत भीती आहे हे कबूल. पण ती मोहीम खोट्या कागदांमागे आहे. भिंत धरून चालणाऱ्या माणसाने तिला का घाबरायचं?

आता नोकरीवाल्यांचं. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कलम 20(4) म्हणतं की त्या माणसाला काढता येणार नाही आणि पदही खाली आणता येणार नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तसं पदच नसेल तर जादा पद तयार करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, त्यावर ठेवायचं. हे संरक्षण 1995 च्या जुन्या कायद्यातही होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये कुणाल सिंग यांच्या खटल्यात ते पक्कं केलं. हे विशेष सेवा ब्युरोतले शिपाई. डावा पाय कापावा लागला आणि खात्याने त्यांना सेवेतून मोकळं केलं. त्यांना अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळतंय, मग संरक्षण कशाला, असा सरकारचा मुद्दा होता. न्यायालयाने तो उडवून लावला. निवृत्तिवेतन मिळतंय म्हणून कायद्याचं संरक्षण जात नाही. (सशस्त्र दलांतल्या लढाऊ पदांना 2021 पासून यातून सूट आहे.) खासगी नोकरीत हे कलम चालत नाही, तिथे भीतीला जागा आहे. पण मेसेज कुठे असा फरक करतो?

डबल पेन्शनबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 80 टक्के आणि त्यावरच्यांसाठी, तीही दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तरच. त्यात केंद्राचे येतात महिन्याला 300 रुपये. वरची भर राज्य संजय गांधीतून घालतं. दिव्यांगांसाठी ही एकूण रक्कम ऑक्टोबर 2025 पासून 1500 ची 2500 झाली. म्हणजे 80 टक्के झाले की पैसे डबल होत नाहीत. पण "जुना पगार बंद होतो" ही शुद्ध थाप. पैसे कुठल्या खात्यातून येतात ते बदलतं, हातात पडणारा आकडा तेवढाच राहतो.

मग मावशीने टक्केवारी वाढवायचीच कशाला? मुदत संपतेय हे तर झालंच. शिवाय एसटी. 40 टक्क्यांवर दिव्यांग प्रवाशाला 75 टक्के सवलत आहे, पण सोबत्याला 50 टक्के सवलत मिळते ती 65 टक्क्यांपासून. तिला एसटीची पायरी एकटीला चढता येत नाही. तपासणीला दरवेळी मावसभाऊ बरोबर जातो आणि त्याचं तिकीट पूर्ण पडतं. ज्यांचा मुलगा आयकर भरतो त्यांचं गणित आणखी वेगळं. त्याला अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची आयकर वजावट 75 हजारांऐवजी, आई 80 टक्क्यांवर गेली की सव्वा लाखाची मिळते, जुनी करप्रणाली घेतली असेल तर. पण अशा घरांना संजय गांधीचे पैसे बहुधा मिळतच नाहीत. या दोन वेगळ्या लोकांना एकाच मेसेजने घाबरवायचं म्हणजे कमाल आहे.

मेसेजखाली ग्रुपवर एका काकांनी हिशोब मांडला होता: पायाचे 50 आणि डोळ्याचे 30, झाले 80. तसे होत नाहीत, काका. मोठा आकडा तसाच ठेवायचा, तो 90 मधून वजा करून जे उरतं त्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं. 50 आणि 30 चे होतात 63. मावशीच्या डोळ्यालाही आता त्रास आहे, म्हणून सांगतोय. घरी बेरीज करून आशा लावून बसू नका, घाबरूही नका.

65 नंतर सगळं बंद हेही खोटं. वयाची 65 ओलांडली की संजय गांधीऐवजी श्रावणबाळ योजना लागू होते, आणि दिव्यांगांना तिथेही 2500 च आहेत.

राहिला तो मार्गदर्शनाचा नंबर. मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी मला तपासणीला न जाण्याचा सल्ला दिला, आणि मग "जायचंच असेल तर बोर्डात आपली ओळख आहे" म्हणत पैशांचं बोलणं काढलं. युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरतात आणि त्याला एक रुपयाही फी नाही. मावशीचा अर्ज मी भरलाय. आधार जोडलंय, जुनं प्रमाणपत्र जोडलंय, फक्त फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो म्हणून नवा काढायचा राहिलाय. पावतीची प्रिंट त्याच ग्रुपवर टाकणार आहे, अर्ज क्रमांक झाकून.