गुदमरलं असतं, तर बरंच झालं असतं

सर, नमस्कार. वैमानिकांच्या प्रशिक्षणातल्या चेंबरवरच्या, म्हणजे हवा काढून उंचीवरचा कमी दाब तयार करणाऱ्या बंद खोलीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘उंचीवर ऑक्सिजन विरळ होतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं, तुम्ही म्हणता 21 टक्केच राहतो! आणि कसलेल्या पोराला हवा काढून गुदमरवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, छळ. माझा नातू एनडीएत आहे म्हणून बोलतोय.’

पहिल्यात चूक माझी. प्रमाण 21 टक्केच राहतं, पण 18,000 फुटांवर हवेचा दाबच निम्म्यावर येतो, त्यामुळे श्वासागणिक ऑक्सिजनही निम्मा. हे लिहायचं राहून गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

गुदमरवणं मात्र मान्य नाही. जीव घुसमटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो श्वासाबरोबर बाहेर पडत राहतो. मे महिन्यात मैदानावर तुमच्याकडे धावण्याचा सराव करणाऱ्या पोरांच्या घशाला आधी कोरड पडते, मग चक्कर येते. चेंबरमध्ये शरीर अशी हाक मारेलच असं नाही. उलट मजेत वाटतं.

हवाई दलात मी मेडिकल असिस्टंट होतो, डॉक्टर नव्हे. एकदा 25,000 फुटांच्या दाबाला एका कॅडेटने ऑक्सिजनचा मास्क काढला आणि शंभरातून सात-सात वजा करत लिहू लागला. 93, 86, 79 अगदी सुबक. मग 72, 72, 72. पुढचे आकडे ओळ सोडून खाली घसरले, शेवटी नुसती रेघ. नखं निळसर, चेहऱ्यावर हसू. ‘मास्क लाव’ म्हटलं तर मान डोलावली आणि लिहीतच राहिला. शेवटी मीच लावला. चार-सहा श्वासांत गडी भानावर. कागद दाखवला तर म्हणतो, हे माझं अक्षरच नाही! बॅचमध्ये पळण्यात तो पहिला होता, सर.

कुणाच्या ओठांना मुंग्या येतात, कुणाला रंग फिके दिसतात, कुणी उगाच चिडतो. ऑक्सिजन कमी पडल्याची आपली खूण कुठली, ते ओळखायला चेंबर. 25,000 फुटांवर भान असतं जेमतेम तीन ते पाच मिनिटं, 35,000 फुटांवर अर्धं ते एक मिनिट.

तुम्ही पोरांकडून काढून घेता त्या उठाबशा-बैठका वाया जात नाहीत हो. लढाऊ विमान जोरात वळताना रक्त पायांकडे ओढलं जातं, तेव्हा मांड्या-पोटऱ्या आवळूनच ते वर ठेवावं लागतं.

नातवाला एवढं सांगा: चेंबरच्या आदल्या रात्री हुलग्याचे शेंगोळे नकोत, वर पोटातला वायू दुपटीहून जास्त फुगतो. आणि सर्दी असेल तर लपवू नकोस म्हणावं. उतरताना कान असे ठणकतात की बस्स.