काका, शीट उघडा

पेट्रोल पंपावर माझा नंबर लागला की तिथला पोरगा नळी हातात धरून एकच वाक्य म्हणतो, "काका, शीट उघडा." त्याच्या लेखी ते दिवसातून शेकडो वेळा म्हणायचं वाक्य. माझ्या पोटात मात्र दर वेळी गोळा येतो.

माझी स्कूटर 2014 ची. त्या काळातल्या बऱ्याच स्कूटरींसारखं हिच्याही टाकीचं झाकण सीटखाली, डिकीला लागूनच. नव्या गाड्यांना ते बाहेरून देतात, त्यामुळे त्यांच्या मालकांची अब्रू पेट्रोल भरतानाही झाकलेली राहते. आमची दर आठवड्याला चव्हाट्यावर.

संध्याकाळी सातची वेळ, सांगली-मिरज रस्त्यावरचा पंप, मागं पंधरा गाड्या. मी चावी फिरवतो. सीट उघडायला मला हात लावावा लागत नाही, आतलं सामानच ती वर ढकलतं. सगळ्यात आधी रेनकोटची पँट डोकं काढते. नुसती पँट. शर्ट मेव्हण्यानं एका पावसात नेला तो नेलाच, आणि तोही आता मला विचारतो, "दाजी, तुमच्याकडं याची पँट असंल बघा." पँटच्या मागोमाग कापडी पिशव्यांचा गठ्ठा येतो. 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बायकोनं पाच कापडी पिशव्या डिकीत ठेवल्या. आता त्या अकरा आहेत. त्या आपापसात कशा वाढल्या ते मी विचारलेलं नाही. मग मुलीचा एक मोजा, शेजारच्या काकूंचा चष्मा दुरुस्तीला न्यायचा राहिलेला, गणपतीच्या देवळातला नारळ, आणि एक पाना, जो या गाडीच्या कुठल्याच नटाला बसत नाही.

"काका, झाकण कुठाय?" पोरगा विचारतो.

झाकण नारळाखाली असतं. मी एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पिशव्या आणि काखेत पँट घेऊन उभा राहतो. त्या अवस्थेत तो पुन्हा म्हणतो, "काका, मीटर झीरो बघून घ्या." मी काय बघणार? मी आणि माझ्या मागचे पंधराजण, आम्ही सगळे डिकीच बघत असतो.

आधी माझ्याकडं मोटरसायकल होती. त्या गाडीला डिकी नव्हती. बाजूच्या पत्र्यामागं वीतभर जागा, तिच्यात एक फडकं, प्लगपाना आणि दोन्ही टोकांनी चालणारा स्क्रू ड्रायव्हर. संपलं. त्या जागेत नारळ मावत नाही. मला वाटतं माणूस आयुष्यात खरा सुखी असतो तो तेवढ्याच काळात, ज्या काळात त्याच्या गाडीत नारळ मावत नाही. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, घरच्यांना 'सगळ्यांना चालवता येईल' अशी गाडी हवी झाली आणि स्कूटर आली. गाडी सगळ्यांनी चालवली की नाही माहीत नाही, डिकी मात्र सगळ्यांनी वापरली.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "साहेब, 18 लिटरची डिकी आहे." डिकी लिटरमध्ये का मोजतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते पिशवीतलं दूध फुटलं त्या दिवशी कळलं. अर्धा लिटर दूध, वर पालेभाजी, त्यावर मी, आणि मग एक खड्डा. पुढं चार दिवस गल्लीतली मांजरं स्कूटरशी फार आदरानं वागत होती.

शिवाय डिकीच्या खालीच इंजिन. एप्रिलात सांगलीचं ऊन चाळिशीला टेकतं, वरून ते आणि खालून इंजिन, म्हणजे तव्यावर झाकण ठेवल्यासारखं. मुलीच्या वर्गात वाटायच्या चॉकलेटांचा एकदा एकच मोठा वडा झाला होता. औषधाच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून कुटुंबवत्सल होतात. सांगलीच्या मालापैकी या डिकीत टिकतो फक्त बेदाणा. तो बिचारा आधीच वाळून आलेला असतो, त्याला आणखी काय करणार?

डिकी साफ करायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. दर दिवाळीला करतो. पण हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर घरातून आवाज येतो, "अहो, असू दे, लागतं कधी." मी पाना दाखवून विचारतो, हा कधी लागणार? "लागंल तेव्हा शोधत बसाल." यावर उत्तर नाही. पूर्वी मी वाद घालायचो. 2019 च्या पुरानंतर बंद केलं.

आम्ही गावभागातले, म्हणजे कृष्णेच्या अगदी शेजारचे. ऑगस्ट महिना, आयर्विन पुलाजवळचं पाणी धोक्याची 45 फुटांची रेघ ओलांडून चढतच होतं, शेवटी ते 57 फुटांवर गेलं. आम्ही निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं आणि रिक्षा मिळत नव्हती. बायकोनं दहा मिनिटांत डिकी रिकामी केली आणि पुन्हा भरली. देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळून तळाशी, त्यावर घराची कागदपत्रं, मुलीची दहावीची मार्कशीट, सासूबाईंच्या पाटल्या, वर एक टॉवेल. सीट बसली. खट् आवाज आला. मी गाडी हळूहळू काढत विश्रामबागला मेव्हण्याच्या दारात नेली. पुढचे काही दिवस आमचं घर म्हणजे ती 18 लिटर जागा होती. पाणी उतरल्यावर घरात पाहिलं तर कपाटातल्या गोष्टींचा चिखल झाला होता. डिकीतल्या गोष्टींना डागसुद्धा नव्हता. तेव्हापासून बायकोच्या मनात ठाम बसलंय, जपायची वस्तू कपाटात नाही, डिकीत ठेवायची. यात नारळ कसा बसतो ते मला समजत नाही, पण बोलायचा अधिकार मी गमावलाय.

या जपायच्या वस्तूंत पुढं स्कूटरची दुसरी चावीही गेली. ते मला कळलं गणपती पेठेत.

हळद आणायला गेलो होतो. दुकानदार जुन्या ओळखीचे, पण दोनेक वर्षं जरा तुटक वागायचे. पूर्वी "बसा, चा घ्या" म्हणायचे, आता नुसतं "किती?" म्हणायचे. मी मनावर घेतलं नव्हतं. दोन किलो दळलेली हळद कागदी पुड्यात घेतली, वर बायकोनं सांगितलेलं धने-खोबरं. दोन्ही हात भरलेले. डिकी उघडली, पुडा ठेवला, जागा करायला पिशव्या सारल्या, फोन वाजला म्हणून तो काढला, बंद करून तोही आत ठेवला, आणि हात मोकळा हवा म्हणून चावी पुड्यावर ठेवली. फक्त क्षणभर. सीट दाबायला मात्र दहा वर्षांच्या सवयीनं हात आपणहून गेला.

खट्.

हा आवाज पुराच्या दिवशी जेवढा गोड वाटला होता, तेवढाच आता कानात शिसं ओतल्यासारखा वाटला. मी सीट ओढून पाहिली. मग अगदी लाडीगोडीनं ओढून पाहिली. मग इकडंतिकडं पाहिलं, तर सहाजण आधीच उभे होते.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून सांगलीकराला प्रेक्षक व्हायला बोलवावं लागत नाही. पडदा कुठं उघडतोय, किंवा उघडत नाहीये, एवढं त्याला दिसलं की पुरे.

"चावी आत ऱ्हायली व्हय मामा?"

"हो."

"मग डुप्लिकेट मागवून घ्या की घरातनं."

मी एकाचा फोन घेऊन घरी लावला. बायको म्हणाली, "डुप्लिकेट? हरवू नये म्हणून जपून ठेवलीय की." कुठं, हे तिनं सांगायची गरज नव्हती. मी फोन परत केला.

"कुठाय म्हणल्या?"

मी सीटकडं बोट दाखवलं. पाठीमागच्या रांगेतून पहिली दाद आली.

सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला स्कूटर आडवी करा. दुसरा म्हणाला, सीटवर दोघं बसून एकदम उठा. हे त्यानं कुठं पाहिलं होतं देव जाणे, पण दोघं खरंच बसले आणि उठले. शेवटी कुणीतरी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मिस्त्री आणला. त्यानं बाजूनं सीट उचकून बघितली, बोटभर फट झाली. आपला हात लावून पाहिला, मग माझ्या हाताकडं पाहून मान हलवली. "बारीक हात पायजे." त्याच्याकडं कामाला असलेला एक काटकुळा पोरगा पुढं झाला. मिस्त्रीनं सीट धरली, पोरानं मनगट घातलं, मग कोपरापर्यंत हात घातला, आणि डोळे मिटून चाचपायला लागला.

पहिल्यांदा बाहेर आला मोजा.

"चावी न्हाई," पोरगा म्हणाला. तो मोजा कुणीतरी गंभीरपणे माझ्या हातात दिला. मग चष्म्याचं घर. मग पिशव्या, एकामागं एक, जादूगार रुमाल काढतो तशा. सातव्या पिशवीला लोक मोजायला लागले. नारळ फटीतून निघेना, तो त्यानं आतच बाजूला सारला आणि तेवढ्यात कागद फाटल्याचा आवाज आला. पोरगा थबकला. हात बाहेर काढला. बोटांपासून कोपरापर्यंत पिवळाधमक.

"आयला, नवरदेव झालास की रं!" गर्दी पेटली.

पोरगं लाजलं, पण कामाला पक्कं होतं. पुन्हा हात घातला आणि या खेपेला एक जाड, चौकोनी पाकीट काढलं. हळदीनं माखलेलं, वर सोनेरी गणपती. मी ते घ्यायला हात पुढं केला, पण गर्दीत पुढंच उभ्या असलेल्या दुकानदारांनी आधी घेतलं. उलटं करून पाहिलं. पाकिटावर मेव्हण्याच्या अक्षरात त्यांचंच नाव होतं. पुढं 'सहकुटुंब सहपरिवार'.

भाचीच्या लग्नाची पत्रिका. दोन वर्षांपूर्वीची. मेव्हण्यानं माझ्याकडं दहा पत्रिका दिल्या होत्या, 'दाजी, गावभाग आणि पेठेतल्या तुम्ही वाटा.' नऊ वाटल्या होत्या. दहावी बहुतेक डिकीच्या कडेला सरकली आणि रेनकोटखाली गेली. भाचीचं लग्न झालं, तिच्या मुलाचं बारसंही झालं.

दुकानदारांनी पत्रिका उघडून शांतपणे पूर्ण वाचली. प्रेषक, निमंत्रक, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, सगळं. मग माझ्याकडं पाहिलं.

"लग्नाची हळद आमच्यातनं न्हेली," ते म्हणाले, "आन् पत्रिका डिकीला दिलीसा व्हय?"

काय बोलणार? तेवढ्यात पोरानं "घावली!" म्हणून हात वर केला. चावी पिवळी होती. मिस्त्रीनं पैसे घ्यायला नकार दिला, म्हणाला बरेच दिवसांनी एवढं हसलो. दुकानदारांनी मला आत बोलावून चहा पाजला, नवीन दोन किलो हळद बांधून दिली आणि पैसे पूर्ण घेतले.

घरी जाऊन पाहतो तर डिकीत हळदीचा सडा. एरवी कौतुकानं सांगतो आम्ही, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तिच्या रंगासाठी मिळालं असतं तरी माझी हरकत नव्हती. झटकली, पुसली, तरी जाईना. म्हणून ओल्या फडक्याला धुण्याचा साबण लावून घासायला घेतलं, आणि बघता बघता सगळी डिकी लालभडक झाली. मी घाबरून बायकोला हाक मारली. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हळदीला साबण लावलात? अहो, हळदीला चुना लावून कुंकू करतात, साबणानंही तेच होतं." म्हणजे पिवळं होतं ते निस्तरायला जाऊन मी डिकीचं हळदीकुंकू केलं. गाडीच्या कागदांचं प्लास्टिकचं पाकीटही त्याच फडक्यानं पुसलं होतं. ते एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

मी कानाला खडा लावला आणि कागदपत्रं हँडलला अडकवलेल्या पिशवीत ठेवायला लागलो. पुढच्याच आठवड्यात, पावसाची भुरभुर चालू असताना, चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात केला. शेजारी दोन कॉलेजची पोरं आधीच अडवलेली.

"कागद."

मी कागद दिले. त्यानं पाहिले. पिवळे, चारही कोपऱ्यांना लाल. उलटे करून पाहिले.

"कुणाचं लग्न काढलंय काका?"

"नाही, ते हळद सांडली आणि..."

"बरं, ऱ्हाऊ द्या. मोबाइलवर डिजिलॉकर असंल की, ते चालतंय. दाखवा."

"आहे. पण मोबाइल..."

"काय झालं?"

"पाऊस आहे ना, म्हणून डिकीत ठेवलाय."

हवालदार एक पाऊल मागं सरकला. कॉलेजच्या पोरांनी माना लांब केल्या. रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"मग काका," तो म्हणाला, "शीट उघडा."