परदेशातून: ५२ पाकिटांचा रेनकोट

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर आईनं फोटो टाकला. माझी पुतणी सांगलीच्या घराच्या गच्चीवर उभी आहे, अंगात चंदेरी-निळा-केशरी रेनकोट, आणि खाली आईनं एवढंच लिहिलेलं, "झाला एकदाचा." तो रेनकोट ज्यूसच्या रिकाम्या पाकिटांचा आहे, कॅप्री-सनची ५२ पाकिटं. त्यावर पहिला मेसेज मावसभावाचा, "मावशी, पेन्शन पुरत नाही का?" मग हसणारे चेहरे, मग एक काका "आता पोरांनी कचरा अंगावर घालायचा का", मग कुणीतरी "भंगारवाल्याची पोर दिसायला लागली", आणि शेवटी वहिनी, जिची ती लेक, "आई, घरात घालू दे, शाळेत नको." आईचा त्यानंतर एक शब्द नाही. मी इथं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये केरवोखंचा, म्हणजे भाडेकरूंच्या पाळीच्या साफसफाईचा, जिना पुसत होते, ते तसंच टाकून पायरीवर बसले आणि सगळं तीनदा वाचलं.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. कुणीही शिवण बघितली नाही.

ज्यानं कधी अशी पाकिटं शिवायला घेतलीत त्याला कळेल हे काय काम आहे. आत ज्यूसचा चिकटपणा असतो, तो कोमट साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवायचा आणि पाकिटं उलटी टांगून वाळवायची, नाहीतर आठवड्यात आंबूस वास येतो. मग खालचा घडीचा तळ कापायचा, वरची स्ट्रॉच्या भोकाची पट्टी कापायची, उरतात तळहाताएवढे दोन तुकडे. कापडाला चुकून भोक पडलं तर बुजतं, याला एकदा सुई गेली की भोक कायमचं, म्हणून टाचण्या चालत नाहीत, आई वाळत घालायचे चिमटे लावते. टाका मोठा ठेवावा लागतो, बारीक टाका घातला की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरच फाटतं. मशीनच्या फूटखाली पाकीट चिकटतं, पुढं सरकत नाही, तिथं टाल्कम पावडर. आणि हे प्लॅस्टिक श्वास घेत नाही, नुसतं अंगात घातलं तर आतून घामानंच पोरगी भिजेल, म्हणून आत जुन्या सुती साडीचं अस्तर आणि काखेत हवेला फट. शिवणीवर आतून मेणबत्ती घासलेली. तुकडे कौलासारखे लावलेत, वरची रांग खालच्या रांगेवर, म्हणजे पाणी वरून येतं ते शिवणीत शिरत नाही, निथळून जातं. हे तिला कुणी शिकवलं नाही. कौलारू घरात वाढलेल्या बाईला पाणी कसं वाहतं ते माहीत असतं.

आणि याला कचरा म्हणायचं.

भंगारवाल्याचं जे म्हणाले त्यांना तर भंगारही कळत नाही. आपला भंगारवाला पाण्याच्या बाटल्या घेतो, दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्या तर किलोवर घेतो, पत्र्याचे डबे घेतो. हे पाकीट तो घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम आणि परत प्लॅस्टिक असे थर एकमेकांना चिकटवलेत, ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. फरसाणाच्या, वेफर्सच्या चमकणाऱ्या पुड्यांचीही साधारण हीच कथा. म्हणजे आईनं नेमकी ती वस्तू उचलली जिला कुणीच वाली नाही.

२०२३च्या फेब्रुवारीत पंतप्रधान बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून केलेलं निळं जाकीट घालून राज्यसभेत आले होते, तेव्हा याच ग्रुपवर याच मावसभावानं तो फोटो टाकून तीन झेंडे लावले होते. मी शोधून काढला तो मेसेज. त्याआधी २०१५च्या वर्ल्डकपला आपल्या टीमची जर्सी बाटल्यांपासून केली होती, तेव्हाही कौतुकच. ते काम वेगळं आहे हे मला माहिताय, तिथं बाटल्या धुऊन चुरा करतात, वितळवतात, शेवयांसारखे बारीक तंतू काढतात आणि त्याचं सूत होतं, शेवटी हातात येतं ते पॉलिस्टरच. कुणाला दिसत नाही की ही बाटली होती. आईच्या रेनकोटवर संत्र्याचं चित्र दिसतं, एवढाच काय तो गुन्हा.

इथं माझ्या शेजारच्या टेबलावरचा कलीग रोज फ्रायटागची बॅग घेऊन येतो. १९९३ मध्ये झुरिकमधल्या दोन भावांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा करायला सुरुवात केली, पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा. आज तसल्या बॅगेला दोनशे युरो सहज पडतात, त्यावर ट्रकवरच्या अक्षराचा अर्धा तुकडा दिसतो आणि तो दिसावा म्हणूनच लोक पैसे देतात. मी हे ग्रुपवर लिहिणार होते, टाईपही केलं होतं.

काकांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मी नाकारणार नाही. ते म्हणाले, असे दहा रेनकोट शिवून सांगलीचा कचरा कमी होणार आहे का? नाही होणार. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली होती, पाणी उतरल्यावर गावभागात आमच्या दारात जो गाळ होता त्यात हेच सगळं होतं, पाकिटं, पुड्या, पिशव्या. ते शिवणकामानं संपत नाही. ते संपतं फांडनं, म्हणजे बाटली परत केली की परत मिळणाऱ्या अनामतीनं. इथं २००३ पासून बाटलीवर, कॅनवर पैसे लावलेत, आता २५ सेंट, त्यामुळे रिकामी बाटली सहसा कुणी फेकत नाही, शनिवारी रेवे सुपरमार्केटात ऑटोमाटपुढं, बाटल्या परत घेणाऱ्या मशीनपुढं, पिशव्या घेऊन रांग असते. आपल्याकडं २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत द्यायची योजना निघाली होती, त्याचं पुढं काय झालं ते ग्रुपवरच्यांनी आपल्या दूधवाल्याला विचारावं. पण हेही खरं की कॅप्री-सनच्या पाकिटावर इथंसुद्धा फांड नाही, ते गेल्बर झाकमध्ये, पॅकिंगच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं आणि आम्ही हात झटकून मोकळे होतो. हायडेलबर्गजवळ बनतं ते, आमच्यापासून फार लांब नाही.

पण आईनं कचरा कमी करायचा म्हणून तो शिवलाच नाही. पोरीला पावसात शाळेला जायला रेनकोट हवा होता, आणि तिच्याकडं सामान होतं, म्हणून शिवला. जावळी-पाटणकडं भातलावणीला बायका इरलं घ्यायच्या, आमच्या आजोळी युरियाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावरून घेऊन माणसं शेतात जायची, त्यांना कुणी पर्यावरणप्रेमी म्हणलं नाही आणि भंगारवालाही म्हणलं नाही. पाऊस आहे, काम आहे, अंगावर काहीतरी हवं. बस.

ज्या पायमशीनवर हा रेनकोट झाला ती २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्याखाली होती. मी इथं रात्रभर फोनवर "पाणी किती फुटावर" बघत होते, ऑफिसात कुणाला सांगावं तर आयर्विन पूल म्हणजे काय इथपासून सुरुवात, म्हणून सांगितलंच नाही. पाणी उतरल्यावर आईनं मशीन उघडून एकेक भाग रॉकेलनं पुसला, तेल दिलं, महिन्यात चालू केली. मी पैसे पाठवते, नवीन घे म्हणलं होतं. ती म्हणाली, "ही चालती की."

आता जे मी ग्रुपवर लिहू शकत नाही ते. म्हणून फ्रायटागचा मेसेजही पाठवला नाही.

ही ५२ पाकिटं इथली आहेत. मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडं होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही श्लॉसगार्टन बागेत फिरत होतो, एका बाकाखाली रिकामी बाटली होती, आदल्या दिवशी मीच तिला ऑटोमाट दाखवला होता, तिनं विचारलेलं २५ सेंट म्हणजे किती, मी म्हणलं वीस-पंचवीस रुपये. तिनं वाकून ती बाटली उचलली आणि पिशवीत टाकली, भाजीच्या पिशवीत मेथीची जुडी टाकावी इतक्या सहज. आणि मी खालच्या आवाजात, मराठीतच, म्हणलं, "आई, ठेव ती तिथं. इथं गरीब लोकं गोळा करतात. लोक काय समजतील आपल्याला?"

तिनं ठेवली. बाकाशेजारी, नीट उभी. काही बोलली नाही, जशी आत्ता ग्रुपवर बोलली नाही तशीच.

अकरा वर्षं झाली मला इथं. अजूनही ट्राममध्ये मी फोनवर मराठी बोलताना आवाज कमी करते, आणि त्या दिवशी बागेत मला भीती ही होती की कुणी तिच्याकडं बघून माझा हिशेब करेल. मावसभावाला पेन्शनचं सुचलं, मला "लोक काय समजतील" सुचलं. त्याचं वाक्य ग्रुपवर आहे, सगळ्यांना दिसतं. माझं फक्त आईला माहिताय.

त्यानंतर तिनं बाहेर एकही बाटली उचलली नाही. घरातली पाकिटं मात्र ठेवायला लागली, माझ्या मुलाची, त्याच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांची, धुऊन बाल्कनीत टांगायची आणि मी ऑफिसातून यायच्या आत काढून ठेवायची. जाताना बॅगेत चकलीच्या साच्याखाली त्यांचा गठ्ठा निघाला, मी वजनावरून चिडले तेव्हा तिनं साचा काढून माझ्या ओट्यावर ठेवला आणि पाकिटं नेली.

काल तिचा फोन आला. सांगलीत चांगला पाऊस झाला, पोरगी रेनकोट घालून गच्चीत अर्धा तास नाचली, अस्तर कोरडं, फक्त डाव्या बाहीत काखेपाशी ओल आली, तिथं टाका जरा ओढला गेलाय म्हणाली, बाही उसवून परत लावते. ग्रुपचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मग म्हणाली, तुझ्याकडं असली तर सात-आठ पाकिटं ठेव, कुणी येणारं असलं तर पाठव.

शनिवारी मुलाच्या किटात, म्हणजे बालवाडीत, सोमरफेस्ट आहे, उन्हाळ्याचा मेळावा. पाकिटं असतात तिथं, खोकी भरून, आणि संपली की सगळी अंगणातल्या पिवळ्या टोनंमध्ये, कचऱ्याच्या पिंपात, जातात, तिच्या शेजारीच सगळे आईबाप कॉफी घेऊन उभे असतात. मी कापडी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवलीय.